आडात असेल तरच पोहऱ्यात येईल

आमच्या शाळेत एक नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. जे शिकवायचे, ते शिकवणाऱ्याने आधी स्वतः केलेले असते. दोरावर चढायला शिकवणारे उस्ताद आधी स्वतः सरसर वर जाऊन येतात आणि मगच आमच्याकडे बघून मान हलवतात. पोहायला शिकवणारे स्वतः पाण्यात उतरतात. नेमबाजी शिकवणाऱ्यांनी हजारो वेळा बंदूक खांद्याला लावलेली असते. सैन्यात तर याशिवाय चालतच नाही. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जे उडी मारायला शिकवतात, ते स्वतः विमानाच्या दारात उभे राहिलेले असतात. ज्याने त्या दारातून कधी खाली पाहिलेच नाही, त्याच्याकडून उडी शिकायला आपल्यापैकी कोण तयार होईल?

मग विज्ञानाच्या तासाला आपण वेगळा नियम का लावतो? नववीच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचा धडा आहे. मुक्त पतन म्हणजे काय, वस्तुमान आणि वजन यांत फरक काय, हे सगळे त्यात आहे. हा धडा शिकवणाऱ्या देशातल्या लाखो शिक्षकांपैकी वजनरहित अवस्था स्वतः अनुभवलेले किती असतील? मला तरी असे कोणी भेटलेले नाही. यात शिक्षकांचा काही दोष नाही. त्यांना तशी संधी कोणी दिलेलीच नाही. माझे म्हणणे असे की ती संधी त्यांना मिळाली पाहिजे, आणि आपल्यासारख्या विमानदलाची स्वप्ने पाहणाऱ्या कॅडेटच्या आधी मिळाली पाहिजे.

हे म्हणणे नीट समजण्यासाठी आधी एक गैरसमज दूर करू. अंतराळस्थानकात माणसे तरंगताना दिसली की आपल्याला वाटते, तिथे गुरुत्वाकर्षण नसते. मीही हेच अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, मोठ्यांच्यासुद्धा. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असते. म्हणजे ४०० किलोमीटर उंचीचा मनोरा बांधता आला आणि ६० किलोचा कॅडेट त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवून उभा राहिला, तर काटा सुमारे ५३ किलो दाखवेल. मनोऱ्यावर कोणी तरंगणार नाही. स्थानकातली माणसे तरंगतात, कारण स्थानक, माणूस आणि त्याच्या पायाखालची फरशी हे सगळे एकाच वेगाने पृथ्वीकडे पडत असतात. पुढे जाण्याचा वेग इतका प्रचंड असतो की पडता पडता ते पृथ्वीच्या वळणाबरोबर वळत राहतात. फरशीच तुमच्याबरोबर पडत असेल तर ती तुमचे पाय ढकलणार कशी? आणि फरशीने ढकलले नाही तर वजन जाणवणार कसे?

हीच अवस्था विमानातही आणता येते. मोठे विमान सुमारे ४५ अंशांत वर चढवतात आणि मग वैमानिक त्याला हवेत फेकलेल्या चेंडूच्या मार्गाने जाऊ देतो. गणितात त्या वक्राला अन्वस्त म्हणतात. विमान आधी वर जाते, टोक गाठते आणि खाली येते. त्या सगळ्या वेळात, म्हणजे २० ते २५ सेकंद, आतली माणसे तरंगतात. याचा हिशेब आपल्यालाही करता येतो. २२ सेकंद धरले तर ११ सेकंद वर जाण्याचे आणि ११ खाली येण्याचे. ११ ला ९.८ ने गुणले की कळते, सुरुवातीला विमानाचा वर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १०८ मीटर हवा. त्यानंतर विमान पुन्हा वर वळवताना उलटे घडते. वजन जवळजवळ पावणेदोन ते दोन पट होते आणि ६० किलोचा माणूस शंभर किलोच्या वर गेल्यासारखा जमिनीला चिकटतो. हे चढउतार पुन्हा पुन्हा केले जातात. अमेरिकेत बोईंग ७२७ विमानात बदल करून प्रवाशांना अशी १५ वळणे देतात. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून उडणारे एअरबस ए३१० विमान एका उड्डाणात ३१ वळणे घेते आणि त्यात शास्त्रज्ञ प्रयोग करतात. रशियात यासाठी इल्युशिन-७६ वापरतात. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २००७ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, अशाच विमानात तरंगले होते. ज्यांना चाकाच्या खुर्चीवाचून हलता येत नव्हते, ते काही सेकंद हवेत मोकळे होते.

या विमानात शिक्षकांनाही नेले गेले आहे. लढाऊ विमाने आणि उपग्रह बनवणारी नॉर्थ्रॉप ग्रमन ही अमेरिकी कंपनी आपल्याला नावाने ठाऊक आहे. तिच्या प्रतिष्ठानाने २००६ पासून काही वर्षे गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शालेय शिक्षकांना बोईंग ७२७ मधून अशी उड्डाणे घडवली. नासानेही शिक्षकांच्या गटांना, त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर आखलेले प्रयोग घेऊन, आपल्या विमानातून नेले. शिक्षक वर गेले, पाण्याचे गोळे हवेत सोडले, वस्तू फेकून पाहिल्या, स्वतः उलटेपालटे झाले आणि वर्गात परत आले. वर्गात परत येणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अंतराळवीर अंतराळातून परततो तेव्हा तो सगळ्या देशाचा असतो. शिक्षक परततो तो सहावी ‘ब’चा असतो.

शिक्षकांना अंतराळाची वाट दाखवण्याचा विचार त्याहून जुना आहे, आणि त्याची किंमतही मोजली गेली आहे. अमेरिकेत शिक्षकाला अंतराळात पाठवायचे ठरले तेव्हा ११ हजारांहून जास्त शिक्षकांनी अर्ज केले. त्यातून न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कॉन्कर्ड गावच्या क्रिस्टा मॅकॉलिफ निवडल्या गेल्या. अंतराळातून त्या दोन धडे शिकवणार होत्या. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही जण गेले. शाळाशाळांतली मुले ते उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहत होती. क्रिस्टा यांच्या जागी जाण्यासाठी राखीव असलेल्या बार्बरा मॉर्गन आयडाहोतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत. त्या मागे हटल्या नाहीत. पुढे त्या पूर्ण प्रशिक्षण घेऊन अंतराळवीर झाल्या आणि २१ वर्षांनी, ऑगस्ट २००७ मध्ये, एन्डेव्हर यानातून गेल्या. आणि क्रिस्टा यांचे राहिलेले धडे? २०१८ मध्ये अंतराळस्थानकात असलेल्या दोन अंतराळवीरांनी ते करून दाखवले. ते दोघेही आधी शाळेत शिक्षक होते. बत्तीस वर्षे एक धडा शिल्लक राहिला होता आणि तो पूर्ण करायला शिक्षकच लागले. आपण कॅडेट हौतात्म्याबद्दल पुष्कळ ऐकतो. हातातले काम पुढच्याने उचलायचे असते हेही आपल्याला शिकवतात. या गोष्टीत मला तेच दिसते.

आता आपल्या गावाकडे येतो. माझे घर बोम्मसंद्र्यात आहे. होसूर रस्त्यावरची ही औद्योगिक वसाहत बंगळूरच्या दक्षिण टोकाला आहे. बाबा इथल्या एका कारखान्यात यंत्रावर काम करतात. आई मूळची निपाणीची, त्यामुळे मराठीइतकेच कन्नड तिला येते, आणि ती जवळच्याच एका लहान शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. तिच्या वर्गातल्या मुलांचे आईवडील ओडिशा, बिहार, तमिळनाडू, रायचूर, कलबुर्गी असे कुठून कुठून कामासाठी आलेले आहेत. मागच्या सुट्टीत मी दोन दिवस तिच्या शाळेत मदतीला गेलो होतो. तिने प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडले, पाणी भरले आणि बाटली जिन्यावरून खाली सोडली. बाटली हातात असताना पाण्याची धार लागली होती. हात सुटल्याबरोबर धार थांबली. बाटली आणि पाणी दोघेही सारखेच पडत होते, म्हणून पाणी भोकातून बाहेर ढकलले जाईना. मुलांनी तो प्रयोग सात वेळा करायला लावला आणि जिना पाण्याने भरला.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मिस, त्या बाटलीच्या आत आपण असलो तर कसे वाटेल? पोटात गोळा येतो तसे का? की काहीच वाटत नाही?” आई क्षणभर थांबली. म्हणाली, “मला माहीत नाही गं. मी वाचले आहे, पण मला माहीत नाही.” मला आईचे ते उत्तर आवडले, कारण ते खरे होते. पण त्या मुलीचा प्रश्नही खरा होता, आणि त्याला उत्तर आहे. ते उत्तर जगात हजारो माणसांना अनुभवाने ठाऊक आहे, पण त्यांच्यापैकी कोणी बोम्मसंद्र्याच्या त्या वर्गात येणार नाही. तिथे रोज येते ती माझी आई.

मोठे म्हणतील की हे तुझ्या आईसाठी चालले आहे. असू दे. प्रत्येकाच्या घरी, गावी, शेजारी अशी एक शिक्षिका किंवा गुरुजी आहेत. त्यांचाच विचार करून पुढचे वाचा.

या कल्पनेवर जे आक्षेप घेतले जातात ते मी वर्गमित्रांशी आणि दोन शिक्षकांशी बोलून गोळा केले. पहिला आक्षेप असा की बाटलीने काम भागते तर विमान कशाला? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकामध्ये बसून काड्या, सायकलची ट्यूब आणि रिकाम्या बाटल्या यांतून शेकडो खेळणी बनवली आणि दाखवून दिले की विज्ञानाला पैसा लागत नाही. ते पूर्ण खरे आहे. पण बाटली आपण बाहेरून पाहतो. दोन मीटर उंचीवरून सोडलेली बाटली ०.६४ सेकंदात जमिनीवर येते. एवढ्यात फक्त ‘धार थांबली’ एवढेच दिसते. विमानातल्या २२ सेकंदांत प्रश्न विचारता येतो, चुकीचे वाटलेले पुन्हा करून पाहता येते. बाटली स्वस्त आहे म्हणून ती प्रत्येक वर्गात हवीच. विमान महाग आहे म्हणून ते फक्त काही शिक्षकांसाठी हवे. एकामुळे दुसरे निकामी होत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. परदेशात अशा उड्डाणाच्या एका जागेला काही लाख रुपये लागतात. एवढ्या पैशात एखाद्या शाळेला बाके येतील, हे मला मान्य आहे. पण हिशेब पूर्ण करू. समजा एक शिक्षिका दर वर्षी दीडशे मुलांना शिकवते आणि उड्डाणानंतर ती आणखी वीस वर्षे नोकरीत आहे. म्हणजे तीन हजार मुले. लाखांना तीन हजारांनी भागले की प्रत्येक मुलामागे काही शे रुपये येतात. शाळेच्या सहलीला आपण याहून जास्त भरतो, आणि त्यातला बराचसा भाग वेफर्सच्या पुड्यांवर जातो.

तिसरा आक्षेप कॅडेटचा. “शिक्षक कशाला? आम्हालाच पाठवा की! आम्ही पुढे वैमानिक होणार.” विद्यार्थ्यांसाठी काही होत नाही असे मुळीच नाही. इस्रो २०१९ पासून नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ नावाचा कार्यक्रम घेते. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आयुकाच्या मदतीने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतल्या मुलांना इस्रो आणि नासा दाखवायला निवडले. या उपक्रमांचे कौतुक आहेच. पण त्यात एका मुलाची निवड झाली की एक मूल जाते, आणि पुढच्या वर्षी ते मूल दुसऱ्या शाळेत गेलेले असते. शिक्षक तिथेच असतो. विहिरीत पाणी आले तर सगळ्या गावाचे पोहरे भरतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आजी वेगळ्या संदर्भात वापरते, पण इथे ती चपखल बसते.

आपले वैमानिक व्हायचे म्हणाल, तर आपली वाट आपल्यासाठी उघडी आहे. १९८४ च्या एप्रिलमध्ये सोयूझ यानातून गेलेले राकेश शर्मा आणि २५ जून २०२५ रोजी निघून १५ जुलैला परतलेले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला हे दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पुढे गेले. आपल्याला मेहनत करून तिथे पोहोचता येईल. पण निपाणीची, जतची किंवा गडहिंग्लजची विज्ञान शिक्षिका कितीही मेहनती असली तरी अशा विमानाच्या दारापर्यंत तिच्यासाठी आज कोणतीच वाट जात नाही. जिथे वाट नाही तिथे ती बांधावी लागते.

चौथा आक्षेप असा की यात उलट्या होतात आणि धोका असतो. उलट्या होतात, हे खरे. नासाच्या जुन्या विमानाला तर विनोदाने ‘ओकारीचे विमान’ म्हणत. पण “मी वर गेले आणि तिसऱ्या वळणाला मला उलटी झाली” असे सांगणाऱ्या बाईंचे सगळा वर्ग कान टवकारून ऐकेल, याबद्दल मला शंका नाही. कानातला तोल सांभाळणारा भाग कसा काम करतो हा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागणार नाही. धोक्याचे म्हणाल तर हे विमान अंतराळात जात नाही. ते इतर विमानांसारखे धावपट्टीवरून उडते आणि धावपट्टीवर उतरते. तरीही ज्याची प्रकृती योग्य आहे आणि ज्याची मनापासून इच्छा आहे त्यानेच जावे. हुकूम देऊन कोणाला पाठवायचे नाही.

एक गोष्ट मात्र मला आक्षेप घेणाऱ्यांइतकीच खटकते. नुसते तरंगून आल्याने कोणी चांगला शिक्षक होत नाही. निळा गणवेश घालून, हात पसरून फोटो काढले आणि ते शाळेच्या फलकावर लावले, तर ती सहल झाली. म्हणून माझी अट अशी की शिक्षकाने वर जाताना आपल्या वर्गाचे प्रश्न घेऊन जावे. उड्डाणाच्या आधी मुलांनी अंदाज लिहून द्यावेत, ते पाकिटात बंद करावेत, आणि बाई परत आल्यावर ते सगळ्यांसमोर उघडावेत. अंदाज चुकला तर बिघडत नाही. चुकलेला अंदाज माणूस विसरत नाही.

काय विचारता येईल याची यादी मी आईच्या वर्गातल्या मुलांच्या मदतीने केली. एक, भोवरा हवेत सोडला तर काय होईल? जमिनीवर तो वेग कमी झाला की डुलतो आणि पडतो. तिथे पडायला जमीनच नाही. ज्या दिशेला त्याचा अक्ष धरून सोडला, त्याच दिशेला तो फिरत राहील. उपग्रह आणि क्षेपणास्त्रे आपली दिशा फिरत्या चक्राच्या याच गुणावर ओळखतात. दोन, दोरीला बांधलेला दगड झोका घेईल का? नाही घेणार. त्याला धक्का दिला तर तो गोल गोल फिरेल, आणि धक्का दिलाच नाही तर जिथे ठेवला तिथेच राहील. तीन, स्प्रिंगच्या काट्याला लोखंडाचा गोळा अडकवला तर काटा किती दाखवेल? शून्य. चार, सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे वर येतील का? ‘वर’ कोणते हेच ठरलेले नसल्यामुळे ते जागच्या जागी राहतील.

पाचवा प्रश्न सर्वांत चांगला आहे आणि तो एका सातवीच्या मुलाचा आहे. सारख्याच आकाराची, एकाच रंगाने रंगवलेली वीट आणि थर्माकोलचा तुकडा, दोन्ही हवेत तरंगत आहेत. उचलून तर पाहता येत नाही, कारण दोन्ही आधीच तरंगत आहेत. मग वीट कोणती हे कसे ओळखायचे? उत्तर आहे, ढकलून. थर्माकोल बोटाने पळेल, वीट हलायला कुरकुर करेल. वजन शून्य झाले तरी वस्तुमान कुठे जात नाही. हा फरक मी परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ केला होता. वीट ढकलून आलेल्या बाईंना तो पाठ करून घ्यावा लागणार नाही.

आपल्या देशात हे होऊ शकेल का? मला तरी वाटते की आपल्याकडे यासाठी लागणारे बरेच काही आहे. ज्या जातीचे विमान रशिया यासाठी वापरतो, त्या इल्युशिन-७६ ची मालवाहू विमाने भारतीय विमानदलात १९८५ पासून आहेत. आपण त्यांना ‘गजराज’ म्हणतो. नेहमीचे मालवाहू विमान तसेच्या तसे चालत नाही, त्यात खास बदल करावे लागतात, आणि ते परवडेल की नाही हे तज्ज्ञच सांगू शकतील. इस्रोचे मानवी अंतराळ उड्डाण केंद्र आपल्या बंगळूरमध्येच आहे. गगनयानातून तीन अंतराळवीरांना ४०० किलोमीटरच्या कक्षेत नेण्याची तयारी तिथून चालते. अंतराळवीरांच्या वैद्यकीय तपासण्या करणारी विमानदलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्थाही याच शहरात आहे. बोम्मसंद्र्याला २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेट्रो आली, त्यामुळे आता हे सगळे आईच्या शाळेपासून फार लांब नाही. पण शाळेतल्या मुलांसाठी ते अजूनही दूरदर्शनच्या पडद्यामागेच आहे.

विमान मिळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये ज्वलनावरच्या संशोधनासाठी एक मनोरा आहे. त्यात वस्तू वरून खाली सोडून सुमारे अडीच सेकंदांची वजनरहित अवस्था मिळवतात. त्यात माणूस बसत नाही, पण प्रयोगाची पेटी बसते. दर वर्षी काही सरकारी आणि जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना आपल्या वर्गाच्या पेट्या घेऊन अशा ठिकाणी बोलावता आले तर ती पहिली पायरी होईल.

निवड करताना मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळांनी सगळ्या जागा भरू नयेत, असे मला वाटते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यांनी क्यूआर कोडची पाठ्यपुस्तके केली आणि पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. लहान गावातल्या शिक्षकाच्या हातात साधन आले की तो ते किती दूर नेऊ शकतो, आणि मिळालेले कसे वाटतो, हे त्यातून सगळ्यांना दिसले आहे.

आता आपल्या शाळेपुरते. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ मध्ये रामन यांनी आपला शोध जाहीर केला तो हा दिवस. दर वर्षी आपण त्या दिवशी भाषणे आणि तक्ते करतो. येत्या विज्ञान दिनी दुसऱ्या मजल्यावरून, सुमारे सहा मीटर उंचीवरून, एक पेटी सोडावी असे मी सुचवतो. खाली पीटीच्या सगळ्या गाद्या रचाव्यात. पेटीत स्प्रिंगचा काटा, त्याला अडकवलेला गोळा आणि सावकाश चित्रण करणारा मोबाइल असावा. मोबाइल अर्थातच शिक्षकांचा, कारण आमच्याकडे तो नसतो. साधारण १.१ सेकंद काटा शून्यावर येईल, आणि ते आपण सगळे पडद्यावर पाहू. अंदाजाची पाकिटे आधी जमा करावीत. पेटी पहिल्यांदा सोडण्याचा मान विज्ञानाच्या सरांना आणि मॅडमना द्यावा, आमच्या हाती ती नंतर आली तरी चालेल. पालकांनी त्या दिवशी यावे आणि आपापल्या गावच्या एका शिक्षकाला बरोबर आणावे. मी आईला आणणार आहे. तिच्या वर्गाची पाकिटेही ती घेऊन येईल.

मित्रांनो, आपल्यापैकी कोणी पुढे विमानदलात गेला, मोठ्या हुद्द्यावर पोहोचला आणि असे विमान कधी त्याच्या अखत्यारीत आले, तर त्याने एवढे एक लक्षात ठेवावे. पहिल्या उड्डाणाच्या यादीत दोन जागा शिक्षकांसाठी राखून ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक अशा शाळेची असावी जिचे नाव त्याने आधी कधी ऐकलेले नाही.

— कॅडेट, इयत्ता दहावी